अडकलेलं गाऱ्हाणं

हे मी एका बैठकीत लिहिलेलं नाही. मधेच उठून गॅसचा नॉब बघून आलो, दाराची कडी बघून आलो, गॅलरीत एक चक्कर मारली आणि परत बसलो. माझी बायको शर्मिला म्हणाली, "लिहिताय की पहारा देताय?" दोन्ही. तेव्हा वाचताना कुठे धागा सुटल्यासारखा वाटला, तर समजा की मी उठून गेलो होतो.

पूर्ण बरा झाल्यावरच लिहायचं असं आधी ठरवलं होतं. मग लक्षात आलं, असं म्हणत बसलो तर लिहून व्हायचंच नाही. बराचसा बरा आहे, तेवढं पुरे. ज्याला माझ्यासारखं काही होतंय आणि ज्याच्या घरचे "पण तुला झालंय तरी काय?" म्हणून विचारतायत, त्याच्या हातात हे आजच्या आज पडलेलं बरं.

मी विलास परब. पन्नाशीचा. नाहूरला सातव्या मजल्यावर राहतो, मरोळला पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात सुपरवायझर आहे. गाव मालवणकडचं. आणि एक गोष्ट आधीच सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे: आमच्या घरात गाऱ्हाणं मी घालतो.

घाटावर गाऱ्हाणं म्हणजे तक्रार. आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे नारळ ठेवून खड्या आवाजात केलेली विनवणी. एक जण उभा राहून देवाला सांगतो, बाबा रे, ही तुझी लेकरं, यांच्या पाठीशी राहा, यांचं काही चुकलंमाकलं असेल तर पोटात घाल. आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी मागची मंडळी एका आवाजात ओ देतात, "व्हय म्हाराजा!" ती ओ आली की पुढचं वाक्य. वडील गेल्यापासून हे काम माझ्याकडे आलं. आवाज खणखणीत आहे माझा. माझी मुलगी ऋचा चिडवते, "बाबा, तू सुरू झालास की सहाव्या मजल्यावरचे शहा टीव्हीचा आवाज वाढवतात."

तो आवाज गेला. घसा बसला नव्हता. बाजारात भाव करायला, कारखान्यात पोरांवर ओरडायला आवाज शाबूत होता. फक्त देवापुढे उभा राहिलो की फुटेना. तो परत येईल का, एवढाच प्रश्न घरात दीड वर्ष होता.

मालाची लिफ्ट

कारखान्यातल्या मालाच्या लिफ्टला जाळीचं दार, आत खोक्यांचे गठ्ठे, गठ्ठ्यांच्या फटीत मी आणि आमचा लोडर शिवप्रसाद. तळमजल्यावर दुसऱ्याच कुणाच्या गाळ्यात वायर जळाली आणि कुणीतरी शहाणपणा करून मेन स्विच पाडला. शहाणपणाच तो, त्यामुळे आग पसरली नाही. आमची लिफ्ट मात्र दोन मजल्यांच्या मधे उभी राहिली. जाळीपुढे भिंत. मग खालून धूर यायला लागला.

किती वेळ ते विचारू नका. माझ्या हिशोबाने अख्खी दुपार. कारखान्यातले म्हणतात, "छे हो, एवढा कुठे!" अग्निशमनवाल्यांनी वरून ओढून बाहेर काढलं. हॉस्पिटलात नाकाला ऑक्सिजन लावला, एक रात्र ठेवून घेतलं आणि सकाळी राउंडवरचे डॉक्टर म्हणाले, "लकी आहात. जा घरी." शिवप्रसाद दुसऱ्या आठवड्यात कामावर हजर झाला. मालकांनी पेढे वाटले.

कुणी गेलं नाही, कुणाचं हाड मोडलं नाही. आणि नेमकी हीच माझी पंचाईत झाली.

"धड आहेस ना?"

भेटायला येणारा प्रत्येक जण मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळायचा आणि म्हणायचा, "चला, धड आहेस ना! सुटलास." मी मान डोलवायचो. प्लॅस्टर असतं तर दाखवता आलं असतं, टाके असते तर शर्ट वर केला असता. दाखवायला काहीच नव्हतं.

आधी पाय सुरू झाले. बसवेचना. अर्धा भात पानात आणि मी गॅलरीत. टीव्हीवर जाहिरात लागेपर्यंतसुद्धा एका जागी दम निघायचा नाही. बिल्डिंगची लिफ्ट तर सोडलीच होती, सातही मजले पायी. सोसायटीत बातमी पसरली की परबांनी वजन मनावर घेतलंय. दोघं-तिघं मला डाएट विचारायला आले. मी काकडी खातो असं ठोकून दिलं.

मग दारं. बाथरूमची कडी लावता येईना. दार उघडं टाकून आंघोळ करायची, आणि आत मी आहे हे कळावं म्हणून सारखं खाकरत राहायचं. घरात आई, शर्मिला आणि ऋचा, तीन बायामाणसं, आणि हा बाप्या असा. एकदा ऋचा रडकुंडीला येऊन म्हणाली, "बाबा, हे नॉर्मल नाहीये यार! माझ्या मैत्रिणींना मी घरी बोलवत नाही आता." त्यानंतर काही दिवस आम्ही एकमेकांशी कामापुरतंच बोललो. ती माझ्यावर रागावली नव्हती, घाबरली होती. मला तेव्हा फरक कळत नव्हता.

शर्मिला भांडली नाही. मला वाटतं भांडली असती तर बरं झालं असतं. एक दिवस भाजी निवडता निवडता, मान वर न करता म्हणाली, "अहो, त्या लिफ्टमधून काढलं ना तुम्हाला? मग घरी कधी येणार?"

तव्यावरचं निदान

गणपती बसले. मी नारळ ठेवला, हात जोडले. मागे सगळे उभे, माझा धाकटा भाऊ प्रकाशही भांडुपहून सहकुटुंब आलेला. "बा देवा म्हाराजा" एवढं म्हणायला तोंड उघडलं आणि जिभेवर धूर आला. आठवण वगैरे नाही, धुराची चव, खरीखुरी. पुढे शब्द नाही. मागे सगळे माझ्या वाक्याची वाट बघत थांबलेले, आणि मी नारळ तसाच सोडून जिन्याने खाली. प्रकाशने कसंबसं उरकलं.

आईच्या मनात धसका बसला. देवापुढे अर्धं राहिलेलं गाऱ्हाणं बरं नसतं, असं तिचं म्हणणं. विसर्जन होऊ दिलं आणि मग ती आपला उपाय घेऊन आली.

"विलासा, हय बस. तुका कोणाची तरी नजर लागलीहा."

बसलो. पन्नाशी आली म्हणून आईपुढे कोण बोलतं? तिने मीठ, मोहरी, सुक्या मिरच्या माझ्यावरून ओवाळल्या आणि तापलेल्या तव्यावर टाकल्या. आमच्याकडचा हिशोब असा, की नजर लागलेली असली तर मिरच्या जळून कोळसा झाल्या तरी ठसका येत नाही. नसली तर घर खोकतं. धुराने गुदमरलेल्या माणसाला बरं करायला आईने मायेने घरभर धूर केला, आणि आमच्यापैकी एकालाही त्यात काही चुकतंय असं वाटलं नाही. मलाही नाही. पहिला ठसका उठेपर्यंत.

पुढचं मला नीट आठवत नाही. अनवाणी होतो. भानावर आलो तेव्हा गेटबाहेर केळेवाल्याची गाडी दोन्ही हातांनी धरून उभा होतो आणि तो बिचारा विचारत होता, "साहेब, डझन देऊ?"

वर गेलो तर सगळ्या खिडक्या सताड उघड्या, आई पलंगावर डोळे पुसत बसलेली. थोडं मिरचीने, थोडं माझ्यामुळे. म्हणाली, "ठसको इलो रे. म्हणजे नजर नाय. ह्या दुसराच काय तरी आसा. शर्मिला, ह्याका डॉक्टराकडे घेऊन जा."

माझ्या आजाराचं पहिलं निदान हे असं घरच्या तव्यावर झालं, आणि ते बरोबर होतं.

मुलुंडला मनाच्या डॉक्टरांकडे गेलो. तिथे जिन्यात ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून मी टोपी घातली होती, पण कडक उन्हाळ्यात माकडटोपी घातल्यासारखा मी त्या टोपीतच जास्त उठून दिसत होतो. डॉक्टरांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "मोठ्या धक्क्यानंतर होणारा आजार आहे हा. भित्रेपणा नव्हे. यावर उपचार आहे."

"मग शिवप्रसादला का नाही झाला? तो पण तिथेच होता."

"एकाच पंगतीत जेवून एकाचं पोट बिघडतं. मग ज्याचं बिघडलं तो खोटं बोलतो का?"

बाहेर येऊन शर्मिला बाकावर बसली आणि पदराने तोंड झाकून रडली. "नाव मिळालं बाई एकदाचं," म्हणाली. मला मात्र राग आला. कुणाचा ते सांगता येत नाही. माझ्या नावापुढे आजार लागला याचा असावा.

झोपेसाठी काही दिवस गोळ्या दिल्या आणि सांगितलं, दर आठवड्याला समुपदेशक मॅडमकडे जायचं, एकट्याने बसून बोलायचं. मी म्हटलं, बोलून काय होणार? मी काय कमी बोलतो?

दारातली चप्पल

मॅडमची खोली तळमजल्यावर, हे पहिलं नशीब. मॅडम अकोल्याकडच्या, माझ्यापेक्षा बऱ्याच लहान. मी उभ्यानेच अट घातली, "दार उघडं राहील."

"राहू द्या. पण बाहेर ऐकू जाईल, चालेल?"

"चालेल."

दार आपोआप लागणारं होतं. त्यांनी पायातली चप्पल काढली आणि दारात अडकवली. मग खुर्चीत एक पाय अनवाणी अशा बसल्या. मला वाटलं आता म्हणतील, बसा. त्या म्हणाल्या, "फिरायचं तर फिरा परब सर. मी मान वळवते."

मी फिरलो. कित्येक आठवडे मी त्या खोलीत फिरत होतो आणि त्या मान वळवत होत्या. कारखाना, मालक, ऋचाचं कॉलेज, पाण्याचं प्रेशर, सगळं बोललो. लिफ्ट सोडून. मधेच त्या सांगायच्या, "पाय जमिनीला टेकलेत का बघा जरा."

"पाय कुठे जाणार मॅडम, गुडघ्यालाच आहेत."

त्या हसायच्या आणि परत तेच सांगायच्या. पुढे एकदा कारखान्यात धुराचा वास आला, नुसता उदबत्तीचा, आणि मी पळायच्या ऐवजी पायाखालची लादी दाबून उभा राहिलो. जमलं. मला त्याचाही राग आला, कारण आता मॅडमना सांगावं लागणार होतं.

एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती, म्हणून मी सांगतो. मधे काही आठवडे जास्त बिघडतं. बोलून आलं की दोन दिवस अंग मोडून यायचं, उगाच रडू यायचं. मी दोनदा सोडून दिलं. दोन्ही वेळा शर्मिलाने माझी चप्पल दाराकडे तोंड करून ठेवली. ती दरवेळी बरोबर यायची आणि बाहेर बाकावर बसायची. परतताना "काय बोललात?" असं तिने एकदाही विचारलं नाही. विचारायची, "चहा?" त्या एका शब्दावर मी पुढच्या आठवड्यापर्यंत जगायचो.

ओ

एक दिवस मॅडमनी गणपतीचं काढलं. "त्या दिवशी नेमकं कुठल्या शब्दाला अडलं?"

सांगितलं. त्यांना गाऱ्हाणं म्हणजे तक्रारच वाटत होती, म्हणून आधी सगळं समजावून सांगावं लागलं. नारळ, विनवणी, मागची मंडळी. मला ते सांगायला मजा आली. जवळजवळ बसलोच होतो खुर्चीत.

"आणि मागून कुणी व्हय म्हाराजा म्हटलंच नाही तर?"

"असं होत नाही."

"समजा झालं?"

"मॅडम, होतच नाही. घरात एकटं माणूस असलं तरी शेजारचं येऊन म्हणतं. ओ मिळाल्याशिवाय गाऱ्हाणं पुढे जात नाही."

"कधीच झालं नाही?"

मी उठलो. दारापर्यंत गेलो. बाहेर रिक्षावाले सीएनजीच्या रांगेवरून वाद घालत होते. चपलेकडे बघत मी म्हणालो, "लिफ्टमध्ये झालं."

मग ते आलं. पाठमोरा उभा राहूनच बोललो. आधी मी हाका मारल्या. एकेकाचं नाव घेऊन मारल्या. माझा आवाज ढोलाच्या वर जातो, पण खाली सगळे जीव घेऊन रस्त्यावर पळालेले, ऐकणार कोण? माझाच आवाज भिंतीवर आपटून परत यायचा. शिवप्रसाद गमछा नाकाला लावून खाली बसला होता. धूर एवढा झाला की मला माझा हात दिसेना, आणि मग माझ्या तोंडून आपोआप गाऱ्हाणं सुरू झालं. बा देवा म्हाराजा. आणि मी थांबलो. सवयीने थांबलो, ओ यायची म्हणून. ओ आली नाही. मी परत म्हटलं, परत थांबलो. शिवप्रसादला काय माहीत, तो खोकत होता. मला त्या क्षणी नक्की कळलं की आता कोणी नाही. खाली माणूस नाही आणि वर देव नाही. मरणाची भीती त्याच्यानंतर वाटली, ती लहान होती.

मॅडम माझ्या प्रत्येक वाक्याला हळूच "हो" म्हणत होत्या. "हो... हो..." मला त्याचा एकदम वैताग आला. मी वळलो आणि ओरडलो, "मॅडम, हो काय? व्हय म्हाराजा म्हणायचं असतं!"

त्या दचकल्या. मग सरळ बसल्या, एक पाय अनवाणी तशाच, आणि वऱ्हाडी हेल काढून म्हणाल्या, "व्हय म्हाराजा."

साफ चुकीचा सूर. मी खुर्चीत बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. त्या लिफ्टनंतर मी पहिल्यांदा कुठेतरी इतका वेळ बसलो.

नारळ

त्यानंतर चमत्कार झाला नाही. दारातली चप्पल आतल्या बाजूला सरकत गेली, एक दिवस मॅडमच्या पायात राहिली. बाथरूमचं दार मी लोटतो, कडी लावत नाही. बिल्डिंगची लिफ्ट अजून नाही. नॉब बघायला उठतो, तुम्ही बघताच आहात. ज्याला असं काही होतंय त्याला एवढंच सांगतो: धड दिसणाऱ्या माणसालाही लागलेलं असतं. आणि तुमचं ऐकताना ओ देईल असं माणूस शोधा, मग त्याचा सूर चुकला तरी चालेल.

गेल्या महिन्यात ऋचाला हैदराबादला नोकरी लागली. पोर पहिल्यांदा घराबाहेर राहायला निघाली. बॅगा लिफ्टने खाली जायच्या होत्या आणि मी जिन्याने, ते न बोलता ठरलेलं होतं. पण निघण्याआधी देवापुढे नारळ ठेवायला हवा. आई म्हणाली, "प्रकाशाक बोलवूया?" शर्मिला माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "नको. मी घालतो."

नारळ ठेवला. हात जोडले. पाय लादीला टेकलेत का ते बघितलं. तोंड उघडलं आणि धूर आला, तीच चव, जिभेच्या मुळाशी. शब्द नाही. मागे तिघी उभ्या. मला वाटलं, झालं, वाट लागली. पोर अशीच जाणार, अर्ध्या गाऱ्हाण्यावर.

आणि मागून आईचा फाटका, म्हातारा आवाज आला, "व्हय म्हाराजा!"

मी काहीच बोललो नव्हतो.

शर्मिला म्हणाली, "व्हय म्हाराजा!" मग ऋचा. मग तिघी मिळून, आणखी एकदा. मी गप्प आणि त्या ओ देतायत. असं गाऱ्हाणं आमच्या घराण्यात आजवर कुणी ऐकलं नसेल.

"बा देवा म्हाराजा," मी म्हणालो. आवाज चिरका निघाला, पण निघाला. "आज ह्या चेडू कामाधंद्यासाठी परमुलखात चल्लाहा. तेच्या पाठीशी उभो रव म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

इथे संपवायला हवं होतं. गाऱ्हाणं घालणारा स्वतःसाठी मागत नाही, तशी रीत नाही. पण मी थांबलो नाही.

"तुझा आणि एक लेकरू लिफ्टीत अडकला होता म्हाराजा. धुरात तुका हाक मारी होता. तेची हाक कोणाक ऐकाक इली नाय म्हाराजा!"

आईचा हात माझ्या पाठीवर आला. मग ऋचा, जिला माझ्या उघड्या दाराची लाज वाटायची ती माझी मुलगी, घसा फुटेस्तोवर ओरडली, "व्हय म्हाराजा!"

खाली शहांनी टीव्हीचा आवाज वाढवला.